14 एप्रिलला 18 तास अभ्यास, मग 15 एप्रिलला बसायचे कुठे?

पनवेल परिसरातील विद्यार्थी, बंद दारांचे विहार आणि अभ्यासिकेचा प्रश्न

दरवर्षी 14 एप्रिलच्या आसपास राज्यभरातील महाविद्यालये, विद्यापीठे, वसतिगृहे आणि विहारांत सलग 18 तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना याहून चांगले अभिवादन नाही. सकाळी सहाला बुद्धवंदना होते आणि मध्यरात्रीपर्यंत मुले-मुली पुस्तकात डोके घालून बसतात. कोणी पाणी आणून देतो, कोणी जेवणाची सोय करतो. समाजमाध्यमांवर छायाचित्रे येतात आणि आपल्याला अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी सतरंज्या गुंडाळल्या जातात, हॉलला कुलूप लागते आणि तीच मुले आपापल्या घरी जातात. त्या घरात एक खोली असते, टीव्ही चालू असतो, धाकटी भावंडे असतात आणि आईची स्वयंपाकाची घाई चाललेली असते. परीक्षा मात्र एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. 18 तास बसण्याची तयारी मुलांनी दाखवली. रोज तीन तास बसायला जागा देण्याची तयारी आपण कधी दाखवणार?

हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राचा आहे. येथे तो पनवेलच्या निमित्ताने मांडत आहोत, कारण पनवेलइतक्या वेगाने वाढणारी शहरे राज्यात थोडी आहेत आणि अभ्यासाच्या जागेचा विचार त्या वाढीत सर्वात मागे राहिला आहे.

शहर वाढले, घर तेवढेच राहिले

पनवेल नगरपालिका ही देशातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिची महापालिका झाली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महापालिका. जुने पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजा आणि आजूबाजूची गावे तिच्यात आली. 2011 च्या जनगणनेच्या हिशेबाने या क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात होती. त्यानंतर उभे राहिलेले टॉवर आणि सिडकोची गृहसंकुले कोणीही मोजून पाहावीत. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. जागेचे भाव त्याआधीच चढले होते.

शिक्षणाच्या बाबतीत पनवेल गरीब नाही. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय, खांदा कॉलनीतील चांगू काना ठाकूर महाविद्यालय, नवीन पनवेलमधील पिल्लई महाविद्यालय, खारघरमधील भारती विद्यापीठ, तिथलीच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था अशी मोठी यादी करता येते. कर्जत, खालापूर, उरण, पेणपासून मुले येथे शिकायला येतात.

त्यातला आपला विद्यार्थी कोण आहे? वडील तळोजा औद्योगिक वसाहतीत किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला, आई घरकाम करणारी किंवा सफाईच्या ठेक्यावर. घरातला पहिला किंवा दुसरा पदवीधर. सकाळी कॉलेज, दुपारी एखाद्या दुकानात किंवा गोदामात अर्धवेळ काम. 2011 च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता 81.29 टक्के होती, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त. ही आपल्या आई-वडिलांच्या पिढीची कमाई आहे. पण साक्षर होण्यासाठी शाळेचा बाक पुरतो. पदवी चांगल्या गुणांनी मिळवायची, स्पर्धा परीक्षा, नेट-सेट, सीए किंवा न्यायाधीशाच्या परीक्षेपर्यंत जायचे, तर वर्गाबाहेर रोज चार-पाच तास शांत बसावे लागते. त्या तासांना जागा लागते, आणि आपली मुले मागे पडतात ती बहुतेक वेळा इथेच. बुद्धीत ती कमी नसतात.

सरकारी योजनांकडे पाहिले तरी हीच फट दिसते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर येथे शिकणाऱ्यांसाठी भोजनाचे 32 हजार, निवासाचे 20 हजार आणि निर्वाहाचे 8 हजार असे वर्षाला 60 हजार रुपये ठरवले गेले. इतर शहरांसाठी रक्कम कमी आहे. पनवेल ही नवी मुंबईपेक्षा वेगळी महापालिका आहे. खारघर आणि बेलापूर यांच्यात रेल्वेचे एकच स्थानक पुढे-मागे, घरभाडे जवळपास सारखे, पण पालिका वेगळी. त्यामुळे अर्ज भरताना आपले महाविद्यालय कोणत्या गटात धरले आहे हे समाजकल्याण कार्यालयातून लेखी समजून घ्यावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही योजना बाहेरगावाहून आलेल्यांसाठी आहे. ज्या शहरात शिकतो त्याच शहराचा रहिवासी असलेल्या विद्यार्थ्याला ती लागू होत नाही. म्हणजे कळंबोलीतल्या एका खोलीत सहा जणांसोबत राहणारी आणि पनवेलमध्येच शिकणारी मुलगी वसतिगृहातही बसत नाही आणि स्वाधारमध्येही नाही. तिला राहायला घर आहे असे सरकार समजते. त्या घरात अभ्यासाला जागा आहे का, हे कोणत्याही अर्जात विचारलेले नाही.

बाबासाहेब कुठे बसून शिकले?

आपण बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी तोंडपाठ म्हणतो. ते अभ्यासाला कुठे बसत, हे मात्र क्वचित सांगतो.

सुभेदार रामजी आंबेडकर मुंबईत आले तेव्हा परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. त्याच खोलीत चूल, तिथेच जळण आणि तिथेच झोपणे. चरित्रकारांनी नोंदवले आहे की रामजी मुलाला लवकर झोपायला लावत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवत. घर शांत असण्याची तेवढीच वेळ होती. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून बापाने वेळ शोधली.

दुसरी जागा होती चर्नी रोडची बाग. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे वाचत बसत. विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी त्याच बागेत येत. रोज पुस्तक वाचत बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेस आला आणि ओळख झाली. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा झाली. अध्यक्ष होते सी. के. बोले. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भीमरावांना भेट दिले. पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच.

सर्वांना खुल्या असलेल्या एका बागेतल्या बाकामुळे केवढा इतिहास घडला ते पाहा. त्या बागेत शिरायला कोणी जात विचारली असती, तर ती ओळख त्या दिवशी त्या बाकावर झाली नसती.

सत्काराच्या सभेचे अध्यक्ष बोले यांनीच पुढे 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. त्या ठरावाच्या बळावर 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले. महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. सार्वजनिक जागा सर्वांची, हे सांगणारा लढा ज्या रायगडच्या मातीत झाला, तिथल्या मुलांना अभ्यासासाठी सार्वजनिक जागा मागावी लागते, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे.

पुढे लंडनमध्येही तेच झाले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बाबासाहेब दार उघडण्याच्या वेळी हजर असत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. राहायची जागा तिथेही तुटपुंजीच होती. वाचनकक्ष खुला होता म्हणून तो अभ्यास झाला. जुलै 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळे होती, ती उगीच नव्हती. शिका म्हणणाऱ्या माणसाने शिकायला जागाही उभ्या केल्या.

आज पनवेल परिसरात कुठे बसता येते?

मागणी करायच्या आधी जे आहे ते पूर्ण वापरले पाहिजे. अनेक मुलांना हाताशी असलेल्या जागाच माहीत नसतात.

महाविद्यालयाचे ग्रंथालय. ही पहिली आणि सर्वात स्वस्त जागा. तुम्ही शुल्क भरलेले आहे. तरी बरीच मुले ओळखपत्र दाखवून पुस्तक बदलण्यापुरतीच तिथे जातात. दोन तासिकांच्या मधली रिकामी तासिका कट्ट्यावर न घालवता वाचनकक्षात घालवली, तर आठवड्याला पाच-सहा तास सहज मिळतात. अडचण एवढीच, की ग्रंथालय बहुधा संध्याकाळी लवकर बंद होते आणि नोकरी करणाऱ्या मुलाला नेमके तेव्हाच हवे असते. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालय हा स्वतंत्र मुद्दा असतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा ठेवावा, असा लेखी अर्ज पन्नास सह्यांनिशी प्राचार्यांना दिला तर तो सहसा टोपलीत जात नाही. असा अर्ज एकट्याने देऊ नये. सर्व जाती-धर्मांच्या वर्गमित्रांना बरोबर घ्यावे, कारण ही गरज सगळ्यांची आहे.

सार्वजनिक ग्रंथालय. जुन्या पनवेलमध्ये के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय आहे. अशा ग्रंथालयांची वर्गणी खासगी अभ्यासिकेच्या मानाने किरकोळ असते. वर्तमानपत्रे, मासिके, संदर्भग्रंथ एका ठिकाणी मिळतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्याने रोज तीन वर्तमानपत्रे विकत घेण्याची गरज नाही. सरकारी अनुदान घेणारे ग्रंथालय हे कोणा एका आळीचे नसते, ते सर्वांचे असते. आपली मुले तिथे कमी दिसतात, याचे एक कारण जुना संकोचही आहे. तो सोडून सभासद व्हा. सभासद झालात की वार्षिक सभेत बोलता येते, पुस्तकांची मागणी नोंदवता येते आणि वेळ वाढवा असे सांगता येते.

बागा आणि तलाव. वडाळे तलावाचा काठ, खारघरचे सेंट्रल पार्क, सिडकोच्या सेक्टरांतली उद्याने या सकाळच्या उजळणीच्या जागा आहेत. पाठांतर, चर्चा, तोंडी परीक्षेची तयारी येथे चांगली होते. लिहिण्याचे काम, गणिते, लॅपटॉपवरचा प्रकल्प येथे होत नाही, आणि जून ते सप्टेंबर कोकणातला पाऊस बसू देत नाही. उद्यानाला अभ्यासिकेचा पर्याय समजू नये, पूरक समजावे.

ऐरोलीचे स्मारक. नवी मुंबई महापालिकेने ऐरोलीत उभारलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात समृद्ध ग्रंथालय आहे. पनवेल-ठाणे लोकलने गाडी न बदलता ऐरोलीला जाता येते. रोजच्या अभ्यासासाठी ते लांब पडते, पण महिन्यातून दोन रविवार संदर्भवाचनासाठी जाण्याजोगी जागा आहे. लक्षात ठेवा, रेल्वेचा सवलतीचा विद्यार्थी पास घर ते महाविद्यालय एवढ्याच प्रवासाला चालतो. इतर ठिकाणी जाताना वेगळे तिकीट काढावे लागते.

मुंबईतली ग्रंथालये. पदव्युत्तर आणि संशोधन करणाऱ्यांनी कलिनाचे विद्यापीठ ग्रंथालय, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टमधील सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथालय यांची ओळख करून घ्यावी. जाण्यापूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचे पत्र घ्यावे. त्याने दारातली विचारपूस कमी होते.

ही यादी वाचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. संध्याकाळी सात ते रात्री अकरा, म्हणजे काम आणि कॉलेज आटोपून विद्यार्थी मोकळा होतो त्या वेळेत, चालत जाता येईल अशी आणि पैसे न लागणारी जागा या यादीत एकही नाही. ही पोकळी सध्या खासगी अभ्यासिका भरून काढत आहेत.

खासगी अभ्यासिका: सोय आहे, पण कोणाची?

खासगी अभ्यासिका वाईट नाहीत. वातानुकूलित खोली, स्वतंत्र कप्पा, वायफाय, रात्री उशिरापर्यंत बसण्याची मुभा. ज्याला परवडते त्याने जरूर जावे. पण महिन्याचे शुल्क, पुस्तके, परीक्षा शुल्क आणि प्रवास यांची बेरीज गोदामात अर्धवेळ काम करणाऱ्याला झेपत नाही. मग तो तीन महिने जातो आणि सोडतो. अभ्यासात असा खंड पडणे फार महाग पडते.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा आहे. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका कोचिंगच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. त्याआधी जून 2023 मध्ये दिल्लीतच मुखर्जीनगरच्या कोचिंग इमारतीला आग लागली, तेव्हा मुले दोराला लटकून खिडकीतून उतरत होती. आपल्याकडे कळंबोलीसारख्या सखल वसाहतीत दर पावसाळ्यात पाणी साचते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. अभ्यासिका तळघरात आहे का, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, अग्निशामक नळकांडे मुदतीतले आहे का आणि खिडक्या उघडतात का. मुलींनी पाचवी गोष्ट पाहावी. स्वच्छतागृह वेगळे आहे का आणि रात्री परतीच्या रस्त्यावर दिवे आहेत का.

विहाराची किल्ली आपल्याच हातात आहे

आता आपल्या घरातली गोष्ट.

पनवेल परिसरात जिथे जिथे आपली वस्ती आहे, तिथे विहार आहे किंवा समाजमंदिर आहे. ते लोकांनी वर्गणी काढून, श्रमदान करून, कधी आमदार-नगरसेवकांच्या निधीतून उभे केले. लाद्या बसवल्या, पंखे लावले, बुद्धमूर्ती आणली. रविवारी वंदना होते. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन होतात. मंगलपरिणय, पुण्यानुमोदन होते. बाकीच्या दिवशी संध्याकाळी काय असते? बहुतेक ठिकाणी कुलूप.

वर्षावासात मात्र हेच दार रोज उघडते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने दररोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. किल्ली कोणाकडे ठेवायची, झाडू कोणी मारायचा, दिवे कोणी बंद करायचे, सगळे ठरते आणि तीन महिने नीट चालते. म्हणजे रोज दार उघडणे आपल्याला जमत नाही असे नाही. तीन महिने जमते ते बारा महिने जमवायचे आहे. वाचन सात ते आठ आणि अभ्यासिका आठ ते अकरा, अशी सांगड सहज बसते.

खर्चाचा बाऊ केला जातो, म्हणून साधा हिशेब मांडू. 20 वॅटच्या दहा एलईडी नळ्या म्हणजे 200 वॅट. 75 वॅटचे चार पंखे म्हणजे 300 वॅट. एकूण 500 वॅट. रोज पाच तास चालले तर अडीच युनिट, महिन्याला 75 युनिट. जयंतीच्या एका रात्रीच्या ध्वनियंत्रणेच्या भाड्यात अशी किती महिन्यांची विजेची बिले भागतील, हा हिशेब प्रत्येक समितीने आपापल्या पावत्या काढून स्वतः करावा.

सुरुवातीला लागते ते एवढेच: घडीची टेबले आणि खुर्च्या, चांगला उजेड, पिण्याचे पाणी, मुलींना वापरता येईल असे स्वच्छतागृह, एक हजेरीवही आणि आळीपाळीने किल्ली सांभाळणारे चार जबाबदार कार्यकर्ते. त्यात एक तरी महिला असावी. त्याशिवाय पालक मुलींना पाठवणार नाहीत, आणि मुली आल्या नाहीत तर ती अभ्यासिका अर्धीच. पुस्तके नंतर जमतात. 'एक वही, एक पेन' अभियानाने हार-फुलांऐवजी वह्या-पेन देण्याची सवय समाजाला लावली. आता त्याच्या पुढची पायरी एक टेबल आणि एक दिवा ही असू शकते.

नेहमी येणारे तीन आक्षेप

पहिला आक्षेप: विहार हे वंदनेचे ठिकाण आहे, तिथे मुलांचा गोंधळ नको. पण विहार या शब्दाचा अर्थच भिक्खूंच्या निवासाची जागा. कान्हेरी, कोंडाणे, कुडा, महाडची गांधारपाले ही लेणी पाहा. चैत्य मोजके आणि राहण्याच्या खोल्या अनेक. तिथे भिक्खू राहत, शिकत, शिकवत. नालंदा हेही महाविहारच होते, आणि जगभरातून लोक तिथे अभ्यासाला येत. पुस्तकावर वाकलेल्या मुलामुळे बुद्धमूर्तीसमोरचे पावित्र्य भंगत नाही.

दुसरा आक्षेप: इतर समाजाची मुले आली तर? यावी. आदिवासी पाड्यावरचा मुलगा, आगरी-कोळी घरातली मुलगी, बिहारहून आलेल्या कामगाराचा मुलगा, मुस्लिम मोहल्ल्यातला विद्यार्थी, सगळ्यांना खुर्ची मिळाली पाहिजे. चवदार तळ्यावर आपण सर्वांसाठी खुले पाणी मागितले. आपल्या दारावर आपणच जातीची पाटी लावली तर ते महाडच्या विरोधात जाईल. विहार म्हणजे काय हे शेजाऱ्यांना भाषणातून कळत नाही. त्यांची मुले तिथे बसून शिकली की कळते.

तिसरा आक्षेप: मुले मोबाईलवर असतात, अभ्यास कोण करतो? काही जण असतीलही. पण आज व्याख्याने, प्रश्नपत्रिका, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, बाबासाहेबांचे शासनाने प्रकाशित केलेले खंड, सगळे मोबाईलवर वाचता येते. मोबाईल काढून घेणे हा उपाय नव्हे. बोलायला बाहेर जायचे, आवाज बंद ठेवायचा, एवढे दोन नियम पुरेत. शिस्त आजूबाजूला बसलेल्यांकडे पाहून येते. दहा जण मान खाली घालून वाचत असले की अकरावाही वाचू लागतो.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो कोणी उघड बोलत नाही. अनेक ठिकाणी विहार समितीत दोन गट असतात आणि किल्ली हाच सत्तेचा विषय असतो. अभ्यासिका सुरू झाली की तरुणांचा वावर वाढेल, हिशेब विचारले जातील, ही धास्ती असते. तरुणांनी यावर भांडण न करता मार्ग काढावा. समितीकडे तीन महिन्यांची लेखी परवानगी मागावी, परीक्षेचा हंगाम निवडावा, वीजबिलाचा वाटा आपण उचलू असे लिहून द्यावे आणि रोजची हजेरी दर महिन्याला फलकावर लावावी. तीन महिन्यांनी आई-वडीलच समितीला सांगतील, की हे बंद करू नका.

महापालिकेकडे हक्काची मागणी

विहार उघडणे हे आपले कर्तव्य आहे. पण त्यामुळे पालिकेची जबाबदारी संपत नाही. सगळा भार समाजाच्या वर्गणीवर टाकून शासन मोकळे होणार असेल तर ते मान्य करता कामा नये.

कायद्याची स्थिती आधी समजून घेऊ. महापालिका कायद्यात पाणी, कचरा, दिवाबत्ती ही बंधनकारक कामे आहेत. ग्रंथालय ऐच्छिक कामांत मोडते. ऐच्छिक म्हणजे मागणी असेल तर करायचे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. तमिळनाडूत 1948 च्या कायद्यापासून मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर घेतला जातो आणि तो पैसा ग्रंथालयांवर खर्च होतो. आपल्याकडे अनुदानावर भागवले जाते. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालय कायदा केला होता, हे पाहता महाराष्ट्राने मागे राहण्याचे कारण नव्हते.

पनवेलमध्ये मालमत्ता करावरून नागरिक आणि पालिका यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला आहे. सिडको आणि पालिका अशा दोघांना पैसे द्यायचे का, हा सिडको वसाहतींतल्या रहिवाशांचा सवाल. त्या वादात कराचे आकडे खूप बोलले गेले. त्या करातून विद्यार्थ्याला काय मिळते, हे कोणी फारसे विचारले नाही. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 78 सदस्यांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. त्याआधी साडेतीन वर्षे प्रशासकांचा कारभार होता. आता विचारायला नगरसेवक आहेत, तर विचारले पाहिजे.

माहिती अधिकारात तीन साधे प्रश्न टाका. पालिकेच्या ताब्यात किती समाजमंदिरे आणि बहुउद्देशीय इमारती आहेत आणि त्या रोज किती तास वापरात असतात? अंदाजपत्रकात ग्रंथालय व अभ्यासिका या नावाने किती तरतूद झाली आणि प्रत्यक्ष किती खर्च झाला? दुर्बल घटकांसाठी आणि वस्ती सुधारणेसाठी असलेल्या निधीतून अभ्यासिकेवर काही खर्च झाला का? उत्तरे आली की पुढची मागणी कागदावर उभी राहते.

मागण्याही मोजक्या ठेवाव्यात. खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल या प्रत्येक भागात रात्री अकरापर्यंत चालणारी, मोफत किंवा नाममात्र शुल्काची किमान एक अभ्यासिका. पालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी अभ्यासासाठी खुले करणे. मुंबईत शाळांच्या इमारतीत अभ्यासिका चालवण्याची पद्धत आहे, येथे का नको? खासगी अभ्यासिकांची अग्निसुरक्षा तपासणी दर पावसाळ्यापूर्वी करणे. आणि जे विहार किंवा समाजमंदिर रोज अभ्यासिका चालवेल त्याला टेबल-खुर्च्या आणि वीजबिलात मदत.

मागणीने काम होते याचा दाखला मुंबईतच आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतील मुले वर्षानुवर्षे सुदाम काळू अहिरे मार्गाच्या पदपथावर, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करत आली. त्या रस्त्याला लोकांनीच 'अभ्यास गल्ली' हे नाव दिले. पुढे तिथे दिवे आणि बसण्याची सोय करण्यात आली. आधी मुले बसली, मग व्यवस्थेला दखल घ्यावी लागली.

येत्या महिन्यात काय करता येईल?

तरुण मित्रांनो, परिषद, मोर्चा, ठराव हे सगळे पुढे येईलच. या महिन्यात करण्याजोगे काम छोटे आहे. आपल्या वस्तीतील दहावीपासून पदव्युत्तरपर्यंतच्या विद्यार्थ्यांची यादी करा. त्यातील किती जणांना घरी बसायला जागा नाही, ते त्यांच्याकडूनच विचारून लिहा. ती यादी घेऊन विहार समितीसमोर जा आणि तीन महिन्यांची परवानगी मागा. तीच यादी, नावे वगळून, प्रभाग कार्यालयात आणि नगरसेवकाकडे द्या. आकडा समोर ठेवला की कोणालाही बघू-करू म्हणून टाळता येत नाही.

बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय 1946 मध्ये सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांचा विचार करून वर्ग सकाळी ठेवले. विद्यार्थ्याच्या वेळेप्रमाणे संस्थेने चालावे, हा त्यामागचा विचार होता. आपल्या विहारांनी आणि आपल्या पालिकेने तोच विचार संध्याकाळच्या वेळेला लावायचा आहे.

पुढच्या 14 एप्रिलला 18 तासांचा उपक्रम जरूर व्हावा. तो संपल्यावर सतरंज्या गुंडाळल्या तरी टेबले तिथेच राहावीत आणि दाराशेजारच्या फलकावर लिहिलेले असावे: अभ्यासिका उद्या संध्याकाळी आठ वाजता सुरू होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!